ताबा पावती

सावळीराम काकडने आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली ती सिंहस्थाच्या वर्षी, २००३ साली. नाशिकजवळ मखमलाबादला त्याची दोन एकर जमीन. त्यात झेंडू आणि थोडी शेवंती. त्या पावसाळ्यात फुलांना असा उठाव होता की तोडायला माणसं पुरेनात. पण रोज पहाटे टेम्पोवाल्याची वाट बघायची आणि तो उशिरा आला की अर्धी फुलं कोमेजून बाजारात पोचायची. शेवटी त्याची बायको प्रतिभाच म्हणाली, "आपलीच एक गाडी घेऊ. फुलंबी जातील आन् तुमच्या आईंना दवाखान्यात न्यायचीबी सोय होईल."

पेपरात छोट्या जाहिरातींमध्ये तीन ओळी होत्या. जीपच्या धर्तीची छोटी गाडी, एकाच मालकाची, उत्तम स्थितीत, त्वरित विकणे. पत्ता इंदिरानगरचा.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो तिथे गेला. गाडीचे मालक शामसुंदर दाणी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांच्या घराण्यात पूर्वी रामकुंडावर यात्रेकरूंचं उपाध्येपण होतं असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. बोलणं इतकं सावकाश आणि स्वच्छ की सावळीरामला आपण शाळेतल्या हेडमास्तरांसमोर उभे आहोत असं वाटू लागलं.

गाडी बिल्डिंगच्या पुढच्या पार्किंगमध्ये नव्हती. दाणी त्याला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे पाण्याच्या टाकीपलीकडे, भिंतीकडे तोंड करून ती उभी होती. वरून ताडपत्री घातलेली आणि चारी बाजूंनी दोरीने घट्ट बांधलेली. दाणींनी एकेक गाठ स्वतः सोडली. सावळीराम मदतीला पुढे झाला तेव्हा त्यांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली.

गाडी त्याला बघताक्षणी आवडली. उंच चाकं, बांधा आटोपशीर, गडद मरून रंग. मागच्या दारावर टपावर चढायची लोखंडी शिडी होती. तिची मधली पायरी तेवढी वाकलेली होती.

"कोण वापरायचं, साहेब?"

"मुलगा. आल्हाद. तो जुलैअखेर परदेशी गेला नोकरीला. मी या वयात कुठे चालवणार?"

सावळीराम घासाघीस करायची तयारी करून आला होता. पहिला आकडा मुद्दाम फारच खालचा सांगायचा असं त्याचं प्रतिभाशी ठरलं होतं. त्याने तो सांगितला. दाणी म्हणाले, "ठीक आहे."

आनंद व्हायचा तर सावळीराम पुन्हा एकदा गाडीभोवती फिरून आला. पण माणूस सुशिक्षित आहे, त्याला घासाघिशीचा कंटाळा असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

वर घरात दाणींच्या पत्नी इंदिराबाई चहा घेऊन आल्या.  ट्रे टेबलावर ठेवल्यावरही त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"गाडी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"घेतली म्हनायची, काकू."

"मग तिचा रंग बदलून घ्या."

"का वो? रंग तर झकास हाय."

"बदलून घ्या," त्या पुन्हा म्हणाल्या. "दुसरा कुठलाही द्या."

"तिला तो रंग पहिल्यापासूनच आवडला नाही," दाणी हसत म्हणाले. पण ते हसू सावळीरामसाठी होतं. बायकोकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. इंदिराबाई आत निघून गेल्या.

कागद तयारच होते. आरटीओचे फॉर्म आणि टाइप केलेलं एक पान, त्याच्यावर महसुली तिकीट चिकटवलेलं. दाणींनी ते वाचून दाखवलं. ती ताबा पावती होती. सदर वाहनाचा ताबा मी आज रोजी घेतला असून येथून पुढे वाहनासंबंधी सर्व जबाबदारी माझी राहील. खाली दाणींनी पेनने सावळीरामचं नाव लिहिलं. तारखेची जागा कोरी.

"तारीख टाकायची ना, साहेब?"

"राहू द्या. आरटीओत कागद जातील त्या दिवशीची टाकू. दोन ठिकाणी दोन तारखा झाल्या की ते लोक त्रास देतात."

सावळीराम दहावी शिकलेला होता आणि फुलांच्या बाजारात त्याला कोणी फसवू शकत नसे. पण बँकेतल्या साहेबापुढे अजून एक प्रश्न विचारणं त्याला अडाणीपणाचं वाटलं. त्याने सही केली. झेरॉक्स नंतर पाठवतो, असं दाणी म्हणाले. पैसे रोख दिले. निघताना त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा दाणी ताडपत्रीची घडी घालत होते आणि वर खिडकीचा पडदा ओढलेला होता.

घरी आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, मुलीने झेंडूची माळ बांधली. आठ दिवसांनी सावळीरामने गाडी तेलपाण्यासाठी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि तो बराच वेळ आत बघत राहिला. मग पुढे येऊन दोन्ही दिव्यांवरून त्याने बोट फिरवलं.

"डावीकडचा दिवा नवा हे. बंपर नवा. बॉनेट ठोकून, रंग मारून परत बसवलंय. लय सफाईनं केलंय, पण केलंय. कुठं धडकली होती?"

"मला काय ठाऊक?"

"विचारा मालकाला."

सावळीरामने बाजूच्या बूथवरून फोन केला. दाणी अजिबात गडबडले नाहीत. सोसायटीच्या फाटकाला घासली होती, म्हणाले. एवढ्या किरकोळ गोष्टीचं काय सांगायचं? मग सावळीरामने झेरॉक्सची आठवण करून दिली. पाठवतो, म्हणाले.

गाडी चालायला चांगली होती. तक्रारीला जागा नव्हती. पण प्रतिभा पुढच्या डाव्या सीटवर बसायची टाळाटाळ करू लागली. का म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. "तिथं बसलं का सारखं समोर बघत राहावंसं वाटतं," एवढंच ती म्हणाली.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी दोघं गाडीत झेंडू भरून वणीला निघाली. गडावर हारवाल्यांना फुलं द्यायची आणि देवीचं दर्शन घ्यायचं असा बेत होता. दिंडोरी मागे पडली. सकाळचे नऊ वाजले होते, रस्त्याने पायी जाणाऱ्यांचे जथे चालले होते. एका फाट्यावर चहाची टपरी दिसली म्हणून सावळीरामने गाडी कडेला घेतली.

टपरीशेजारी पाच-सहा जण काकड्या, भोपळे मांडून बसले होते. त्यांतला एक माणूस उठला. चाळिशीचा, काळासावळा, काटक, डोक्याला मळका टॉवेल गुंडाळलेला. तो गाडीपाशी आला आणि तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारून मागच्या दाराशी थांबला. त्याने शिडीची वाकलेली पायरी हातात धरली आणि तसाच उभा राहिला.

"काय पायजे?" सावळीराम चहाचा ग्लास घेऊन पुढे झाला.

 माणसाने सावळीरामच्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या प्रतिभाकडे पाहिलं. टपरीवरची बोलणी थांबली होती. भाजीवाल्या बायकांनी माना खाली घातल्या. चहावाल्याने पैसेसुद्धा मागितले नाहीत. सावळीरामने ते फळीवर ठेवले तर ते त्याने उचललेही नाहीत.

"चला," प्रतिभा आतून म्हणाली. "चला इथून."

गाडी सुरू झाली तरी त्या माणसाने पायरी सोडली नाही. तो दहा-बारा पावलं गाडीबरोबर चालला, मग धावला. आरशात तो लहान लहान होत गेला. रस्त्याच्या मधोमध हात लांब करून उभा होता. त्या दिवशी गडावर दर्शनाच्या रांगेत प्रतिभाने तीन वेळा मागे वळून पाहिलं.

चार दिवसांनी तोच माणूस नाशकात फुलबाजारात दिसला. सावळीराम क्रेट उतरवत होता. माणूस पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून गाडीकडे बघत होता. दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाजारात पाय ठेवायला जागा नसताना, तो गर्दीत गाडीला पाठ लावून उभा असलेला सापडला. सावळीराम ओरडला तसा तो निमूटपणे बाजूला झाला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी प्रतिभा शेवंतीला पाणी द्यायला गेली आणि धावतच परत आली.

"तो बांधावर बसलाय."

सावळीरामने भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली. दारातून आई नवसाबाई ओरडत होती की एकटा जाऊ नकोस, पण तो थांबला नाही.  माणूस फडक्यात बांधलेली भाकरी सोडत होता. कुऱ्हाड बघूनही तो उठला नाही.

"माझ्या मागं का फिरतोस रे? कोन तू?"

"बुधा," तो म्हणाला. "तुझ्या मागं नाय फिरत. गाडीच्या मागं फिरतोय."

"गाडी माझी हाय."

"आता तुझी हाय. आखाडात नव्हती." त्याने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. "आखाडात, शनवारच्या दिवशी, दिवस मावळायच्या टायमाला हिनं माझी बायको मारली. अक्काबाई. करटुली विकत व्हती रस्त्याच्या कडंला. मी पलीकडं पिशवी बांधीत व्हतो. गडावरनं आली गाडी. उडवलं तिला आन् पुढं जाऊन थांबली. मला वाटलं आता उतरतील. मी पळत गेलो, मागची शिडी धरली. चालवनारा चष्म्यावाला गोरा पोरगा व्हता. बाजूला म्हातारी बाई. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मंग गाडी निघाली. मी लोंबकळलो, पायरी वाकली, पडलो."

त्याने सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत जखमेचा लांब व्रण होता.

"नंबर नाय वाचता आला. पोलिसांनी लिहून घेतलं, अज्ञात वाहन. मला त्या पोराचं नाव सांग, भाऊ. बाकी तुझं काय नको."

सावळीरामच्या हातातली कुऱ्हाड जड झाली. इंदिरानगरचा पत्ता त्याच्या जिभेवर आला होता. पण त्याच वेळी मिस्त्रीचे शब्द आठवले, ती सही आठवली आणि तारखेची कोरी जागा डोळ्यांपुढे आली.

"मला नाय ठाऊक," तो म्हणाला. "दलालाकडनं घेतली मी."

बुधाने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही ते कळलं नाही. तो जागचा हलला मात्र नाही.

सावळीराम तसाच इंदिरानगरला गेला. गाडी न नेता बसने गेला. दाणींनी दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि आत घेतलं. सावळीरामने एका दमात सगळं सांगितलं.  इंदिराबाई कुठे दिसत नव्हत्या, पण आतल्या खोलीचं दार किंचित उघडं होतं.

"त्या बाईचं नाव त्याने सांगितलं का?" दाणींनी विचारलं.

"अक्काबाई."

आतल्या खोलीत काहीतरी जमिनीवर पडलं. दाणी उठले, ते दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसले.

"काकड, माझ्या मुलाचं आत्ता कुठे आयुष्य सुरू होतंय. त्या दिवशी पाऊस होता, बाई अचानक आडवी आली. तो घाबरला. चूक झाली. पण त्याला तुरुंगात टाकून ती बाई परत येणार आहे का?"

"ते मी काय सांगू, साहेब? मला फकस्त माझ्या मागचं हे झेंगट..."

"तुमच्यामागचं झेंगट वाढू नये म्हणूनच मी सांगतोय." त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि ते टाइप केलेलं पान सावळीरामपुढे धरलं. हातात दिलं नाही. सही त्याचीच होती. कोऱ्या जागेत आता दाणींच्या वळणदार अक्षरात तारीख होती. बारा जुलै.

सावळीरामने ती दोनदा वाचली.

"मी सप्टेंबरात आलो व्हतो."

"कागदावर जुलै आहे, अपघाताच्या आठवडाभर आधीची तारीख. नावावर करायला तुम्ही उशीर केलात, लोक करतात. पैसे रोख दिलेत. जाहिरातीत गाडीचा नंबर नव्हता. पार्किंगमध्ये गाडी केव्हापर्यंत होती हे सोसायटीत कोणालाही आठवणार नाही, मी विचारून ठेवलंय." आवाज अजूनही चढलेला नव्हता. "मला हा कागद कधीच वापरायचा नाही. तुम्ही गप्प राहा, मी गप्प राहतो. आणि अगदी प्रकरण आलंच, तर तुम्ही म्हणा की गाडी तुम्ही चालवत होता. अपघात आहे, खून नाही. त्याच दिवशी जामीन होतो. वकील मी देईन."

सावळीराम उठला. तो चपला घालत असताना दाणींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोरला माणूस धाकट्याच्या ठेवतो तसा. तो स्पर्श त्याला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिला.

त्याने गाडी घराच्या मागे नेऊन उभी केली आणि वर फुलांवर टाकायची गोणपाटं टाकली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टेम्पोवाल्याला सांगितलं. प्रतिभाला काही सांगितलं नाही. ती विचारायची, तो खेकसायचा. जेवण कमी झालं. फाटक वाजलं की त्याला पोलीस आले असं वाटायचं. आणि बुधा रोज सकाळच्या पहिल्या बसने येऊन बांधावर बसायचा, दिवस कलला की निघून जायचा. सावळीराम त्या बाजूला फिरकायचाच बंद झाला.

सहाव्या दिवशी त्याने पाहिलं तर प्रतिभा बांधावर बुधाशेजारी बसली होती. पाण्याची कळशी मधे ठेवलेली. ती तासाभराने परत आली, चुलीपुढे बसली, पण चूल पेटवली नाही.

"अक्काबाईला चौथा महिना होता," ती म्हणाली.

सावळीराम दारातच टेकला.

"ती लगेच नाय गेली. अर्धा तास रस्त्यावर होती. गाडीत घालून वणीला नेली असती तर... डॉक्टरच म्हनले त्याला तसं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला त्या पोराचं नाव ठाऊक हाय ना?"

तेव्हा तो बोलला. पावती, तारीख, दाणींचं बोलणं, सगळं. बोलता बोलता त्याला रडू फुटलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, प्रतिभाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मी तोंड उघडलं तर मीच आत," तो म्हणाला. "पोरीचं काय व्हईल? आईचं काय?"

"आन् नाय उघडलं तर? तो कागद त्यांच्या कपाटात राहनार. त्यांना वाटंल तेव्हा काढतील. जन्मभर तुमी त्यांच्या हातात." ती उठली. "त्या बुधाने तुमाला बघितलंय. चालवनारे तुमी नव्हते हे सांगनारा सगळ्या जगात तो एकटाच माणूस हाय. आन् त्यालाच तुमी कुऱ्हाड दाखवली."

सावळीराम बांधावर गेला. बुधा पाय लांब करून बसला होता. सावळीराम त्याच्यासमोर मातीत बसला आणि म्हणाला, "मी खोटं बोललो. त्याचं नाव आल्हाद दाणी. पन तो इथं नाय. आन् मी हे बोललो म्हनून उद्या मीच आरोपी व्हईन, तेव्हा तू खरं सांगशील का?"

बुधाने विचार केला. त्याला तेवढा वेळ लागला म्हणून सावळीरामला त्याचा विश्वास वाटला.

"तू नव्हतास," बुधा म्हणाला. "मी तेच सांगन. दुसरं काय सांगू?"

दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेले. गाडी सावळीरामनेच नेली. बुधा पुढे बसायला तयार नव्हता, मागे रिकाम्या क्रेटांच्या मधे अंग चोरून बसला. फौजदार तरुण होता, त्याने नीट ऐकून घेतलं, गाडी जप्त केली आणि दाणींना बोलावणं धाडलं. दाणी वकिलासह आले. ताबा पावती त्यांनी टेबलावर ठेवली.

फौजदाराने ती वाचली आणि मान वर केली. "काकड, सही तुमची?"

"माझी. तारीख माझी नाय."

"तारीख कोरी असताना सही केलीत?"

"व्हय."

"आणि जुलैमध्ये गाडी तुमच्याकडे नव्हती हे कोण सांगेल? गावचे लोक तुमच्याच बाजूने बोलणार." त्याने बुधाकडे बोट केलं. "आणि हा गेला आठवडाभर तुमच्या शेतावर बसून होता. तुम्ही याला पढवला असं वकीलसाहेब म्हणतील."

वकील म्हणालाच तसं.  आपण इथे आपल्या पायांनी चालत आलो, आता इथून आत जाणार, असं सावळीरामला वाटलं. बुधा मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला. चष्म्यावाला पोरगा, बाजूला म्हातारी बाई, कपाळावर मळवट भरलेला, तिनं बघितलं.

"यांच्या पत्नीला बोलवावं लागेल," फौजदार म्हणाला.

"तिची प्रकृती बरी नसते. त्या दिवशी ती घरी होती, तसं लेखी देतो," दाणी म्हणाले.

"येऊ द्या त्यांना. त्यांच्या तोंडून ऐकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदिराबाई आल्या. दाणींनी त्यांचा दंड धरला होता. महिनाभरात त्या निम्म्या झाल्या होत्या. खुर्चीवर बसताना त्यांची नजर भिंतीजवळ उभ्या असलेल्या बुधावर गेली आणि तिथेच खिळली.

"एकोणीस जुलैला, शनिवारी, तुम्ही कुठे होता?" फौजदाराने विचारलं.

"घरी," दाणी म्हणाले.

"त्यांना विचारतोय."

इंदिराबाईंची नजर बुधावरून हलली नाही. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. सावळीराम त्या दिवशी बरोबर आलेल्या प्रतिभाचा हात धरून बाकावर बसला होता. आपण तो किती घट्ट धरलाय हे त्याला नंतर तिच्या मनगटावरचे वळ बघून कळलं.

इंदिराबाई उठल्या आणि बुधासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तिने पाणी मागितलं का हो?" त्यांनी विचारलं.

"इंदिरा," दाणी म्हणाले.

"मागितलं," बुधा म्हणाला. "मी आनायला गेलो. आलो तवर गेली व्हती."

इंदिराबाईंनी पदर तोंडावर धरला. "मी म्हणाले होते थांब. आधी म्हणाले. मग तुम्ही धावत आलात, आणि मला भीती वाटली, लोक जमतील, त्याला मारतील. मग मीच म्हणाले. चल म्हणाले. मीच त्याला चल म्हणाले." त्या फौजदाराकडे वळल्या. "लिहून घ्या. गाडी आल्हाद चालवत होता. शेजारी मी होते. या काकडांनी गाडी सप्टेंबरमध्ये नेली. तारीख यांनी माझ्यासमोर घातली, जेवायच्या टेबलावर बसून."

दाणी ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि भिंतीकडे बघत बसून राहिले. बाहेर पडताना ते सावळीरामजवळ थांबले.

"एक घर मोडलंत तुम्ही," ते म्हणाले. "कोर्टात बघू किती वर्षं टिकता."

त्यांनी ते खरं करून दाखवलं. आल्हाद आला नाही. त्याच्यावर वॉरंट निघालं, नोटिसा परत आल्या. खोट्या पावतीबद्दल दाणींवर वेगळा गुन्हा झाला आणि ते जामिनावर सुटले. तारखांवर तारखा पडत गेल्या. सावळीराम साक्षीदार होता, त्यामुळे त्याला कोणी पकडलं नाही, पण दर दोन महिन्यांनी कोर्टाचा कागद येई आणि कागद देणारा शिपाई फाटकात दिसला की नवसाबाई देवापुढे जाऊन बसे. दोनदा शेवंतीच्या वाफ्यांतली पाण्याची नळी कोणीतरी कापून टाकली. कोणी ते समजलं नाही. गाडी सोडवून न्यायची परवानगी मिळाली होती, पण तो ती आणायला गेला नाही. प्रतिभाने एकदाही विषय काढला नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात दाणींवरच्या खटल्यात बुधाची साक्ष होती, म्हणून सावळीरामही गेला. कोर्टाच्या व्हरांड्यात लांब बाकावर इंदिराबाई एकट्या बसल्या होत्या. त्या वर्षभर बहिणीकडे राहत होत्या असं त्याने ऐकलं होतं. तो जरा अंतर ठेवून बसला. दाणी वकिलाबरोबर समोरून गेले, दोघांपैकी कोणाकडेही न बघता.

"आल्हादला मी दर रविवारी फोन लावते," इंदिराबाई समोर बघत म्हणाल्या. "वाजत राहतो."

 व्हरांड्याच्या टोकाला बुधा येताना दिसला. नवा पांढरा सदरा घातलेला, अजून घड्या न मोडलेला. तो बाकापाशी आला, थबकला. इंदिराबाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. बुधा क्षणभर उभा राहिला, मग बाकाच्या अगदी कडेला टेकला. तिघं तसेच बसून राहिले. आतून शिपायाने दार उघडलं आणि बुधाचं नाव पुकारलं.